दुबई की सिंगापूर? आधी मुलीची बारावी कुठे होणार ते ठरवा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कंपनीने तुमच्यापुढे दोन जागा ठेवल्यात, दुबई आणि सिंगापूर. मुक्काम 'साधारण पाच वर्षं'. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत, दोघंही सध्या सीबीएसईला. आणि प्रश्न असा की इंटरनॅशनल शाळा कुठल्या शहरात चांगल्या?

मी सहा वर्षं दुबईत एका शाळेच्या प्रवेश विभागात काढली आणि त्यानंतर आठ वर्षं सिंगापुरात विद्यार्थी समुपदेशक म्हणून. या प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल तर: दोन्ही शहरांत उत्तम शाळा आहेत, दोन्हीकडे नुसत्या चकचकीत इमारतीच्या शाळाही आहेत. पण एवढ्याने तुमचं काम होणार नाही. कारण तुमची अडचण चांगली शाळा सापडण्याची नाहीच. तुमच्या मुलीची पाच वर्षं आठवी ते बारावी अशी आहेत, आणि या पाच वर्षांत शाळा बदलायला सोयीच्या जागा फारच थोड्या आहेत. मुलाचं तसं नाही. तो तिसरी ते सातवी कुठेही शिकेल आणि कुठेही रुळेल. निर्णय मुलीच्या हिशेबाने घ्या, मुलगा जमून जाईल.

हा हिशेब आधी मांडते. सीबीएसईत दहावीत किंवा बारावीत थेट प्रवेश सहसा मिळत नाही. नववी-दहावी ही एक जोडी आणि अकरावी-बारावी ही दुसरी. ब्रिटिश पद्धतीत आयजीसीएसई (दहावीच्या तोडीचा) दोन वर्षांचा, त्यानंतरचा ए लेव्हल (बारावीच्या तोडीचा) दोन वर्षांचा, आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, त्याचा बारावीच्या तोडीचा डिप्लोमाही दोन वर्षांचा. म्हणजे बोर्ड कुठलंही घ्या, मुलीला बाहेर पडायला सोयीचे क्षण तीनच: आठवी संपल्यावर, दहावी संपल्यावर, बारावी संपल्यावर. तुमची बदली तीन वर्षांत झाली तर ठीक. पाच वर्षं पूर्ण झाली तर उत्तम. दोन किंवा चार वर्षांनी परत बोलावलं तर मात्र ती जोडीच्या मधोमध अडकेल. 'साधारण पाच वर्षं' या शब्दांतला 'साधारण' मला म्हणूनच खटकला. कंपनीला विचारा: मधेच बोलावलं तर मुलीचं शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत कुटुंबाला तिथे ठेवण्याचा खर्च कोण करणार? हे लेखी घ्या.

आता दुसरा टप्पा: बारावीनंतर काय? 'अजून ती लहान आहे, बघू' हे उत्तर मला आई-वडील नेहमी देतात आणि मी ते कधीच मान्य करत नाही. तिने आजच व्यवसाय निवडावा असं नाही. पण भारतात परत यायची शक्यता निम्मी असेल, तरी काही दारं उघडी ठेवण्याचा विचार आत्ताच करावा लागतो.

समजा तिला भारतात डॉक्टर व्हायचं असेल. नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय लागतात. आयबी डिप्लोमात सहा विषय असतात: दोन भाषा, एक समाजशास्त्रीय विषय, गणित, एक विज्ञान, आणि सहावा विषय कलेचा किंवा त्याऐवजी आणखी एखादा. म्हणजे नेहमीच्या रचनेत विज्ञानाचे विषय दोनच बसतात. तिसरा घ्यायचा तर खास परवानगी किंवा सातवा विषय, आणि सगळ्या शाळा ते करत नाहीत. एका मुलीच्या बाबतीत हे आमच्या लक्षात आलं तेव्हा तिची अकरावी अर्धी संपली होती. आई-वडिलांनी शाळेला विचारलं नव्हतं आणि शाळेने आपणहून सांगितलं नव्हतं. शिवाय महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यासाठी, काही अपवाद सोडले तर, अधिवासासोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. म्हणजे हे दार तुम्ही विमानात बसताच जवळजवळ बंद होतं, शहर कुठलंही असो. अखिल भारतीय कोटा, खासगी आणि एनआरआय जागा उरतात.

इंजिनीअरिंगच्या बाबतीत मात्र दोन शहरांमध्ये खरा फरक आहे, आणि तो शाळांच्या माहितीपत्रकात कुठेच छापलेला नसतो. एनआयटी आणि तशा काही संस्थांमध्ये परदेशी शिकलेल्या मुलांसाठी डासा नावाची योजना आहे. अकरावी-बारावी परदेशात झालेली हवी, प्रवेश जेईई मेनच्या क्रमवारीवर, आणि फी डॉलरमध्ये, चांगलीच घसघशीत. पण त्याच योजनेत आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी वेगळा वर्ग आहे. त्यात निवडलेल्या मुलांना शिकवणी फी भारतातल्या विद्यार्थ्यांइतकीच पडते. संयुक्त अरब अमिरात त्या यादीत आहे, सिंगापूर नाही. चार वर्षांच्या फीचा फरक काढून बघा. नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचायचीच. पण तत्त्व हे आहे.

आणि तिला बारावीनंतर ब्रिटन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाला जायचं असेल तर दोन्ही शहरं सारखीच. तिथल्या विद्यापीठांना आयबी, ए लेव्हल आणि सीबीएसई तिन्ही ओळखीचे आहेत.

आता शहरांकडे वळू. पैशापासून सुरुवात करते, कारण सगळेजण शेवटी तिथेच येतात.

दुबईत निवडीचा पट्टा फार लांब आहे. खासगी शाळा दोनशेहून जास्त. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तिथे १९६० च्या दशकापासून आहेत. त्यांची फी वर्षाला काही हजार दिरहमपासून सुरू होऊन वीसेक हजारांच्या पुढे जाते. ब्रिटिश आणि आयबी शाळा ढोबळमानाने तीस हजारांपासून लाखाच्या वर. म्हणजे नोकरीत खाली-वर झालं तर त्याच शहरात स्वस्त पायरीवर उतरता येतं, आणि मुलांचे मित्र, घर, वातावरण फारसं बदलत नाही. सिंगापुरात ही पायरीच मोडकी आहे. भारतीय अभ्यासक्रम देणाऱ्या शाळा तिथे मोजक्याच, आणि त्यांची वार्षिक फी पंधरा-वीस हजार सिंगापूर डॉलरच्या घरात. दुबईतल्या मध्यम भारतीय शाळेच्या दोन ते चार पट. मोठ्या, नावाजलेल्या आंतरराष्ट्रीय शाळा चाळीस-पन्नास हजार डॉलरपर्यंत जातात. दोन मुलं म्हणजे याला गुणिले दोन. त्यावर ९ टक्के जीएसटी. कंपनीने फी भरली तर ती तुमच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते, हे ऑफर लेटर वाचताना लोक विसरतात. दुबईत वैयक्तिक आयकरच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

फीवाढीतही फरक आहे. दुबईत केएचडीए ही सरकारी संस्था खासगी शाळांवर देखरेख करते आणि फी किती वाढवायची त्यावर तिचं नियंत्रण असतं. प्रवेश निश्चित करताना घेतल्या जाणाऱ्या रकमेलाही मर्यादा आहे आणि ती पुढे फीत वळती होते. सिंगापुरात आंतरराष्ट्रीय शाळेची फी बाजार ठरवतो. शिवाय अर्जाची फी आणि नोंदणीची फी अशी हजारो डॉलरची परत न मिळणारी रक्कम सुरुवातीलाच जाते. मी पालकांना सांगायचे, पहिल्या वर्षाचा हिशेब वेगळा करा आणि पुढच्या वर्षांचा वेगळा.

शाळेची गुणवत्ता बाहेरून कशी ओळखायची? इथे दुबई पालकांना जास्त हातभार लावते. २००८ पासून तिथे तपासणी होते, 'आउटस्टँडिंग'पासून 'व्हेरी वीक'पर्यंत शेरे मिळतात आणि अहवाल सगळ्यांना वाचायला मिळतात. शेरा बघून थांबू नका, आतलं गणित-विज्ञानाचं पान वाचा. एका शाळेला एकूण 'गुड' असतं, पण माध्यमिक विभागात विज्ञान त्याहून बरंच वर असतं, उलटही असतं. मात्र २०२४-२५ मध्ये सरसकट तपासण्या थांबवण्यात आल्या, त्यामुळे अहवालावरची तारीख बघा. तीन-चार वर्षांपूर्वीचा शेरा म्हणजे आधीच्या मुख्याध्यापकांचा शेरा असू शकतो. सिंगापुरात असे शेरे नाहीत. तिथला एज्युट्रस्ट हा शिक्का संस्था नीट चालते का, फीचे पैसे सुरक्षित आहेत का, यावर जास्त बोलतो. वर्गात काय शिकवलं जातं यावर कमी. तिथे तुम्हाला स्वतः जाऊन बघावं लागतं. मी स्वतः एकच प्रश्न विचारते: गेल्या दोन वर्षांत माध्यमिकचे किती शिक्षक सोडून गेले? उत्तर देताना समोरचा अडखळला की मला पुरेसं कळतं.

सिंगापूरच्या सरकारी शाळांबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. त्या उत्तम आहेत, यात वाद नाही. पण परदेशी मुलांना तिथे आधी नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यानंतर उरलेल्या जागा मिळतात. पहिलीनंतरच्या वर्गासाठी एईआयएस ही इंग्रजी आणि गणिताची केंद्रीय परीक्षा द्यावी लागते, आणि पास झालं तरी शाळा मंत्रालय ठरवतं. मुलाचं जमू शकेल. मुलीचं मला धोक्याचं वाटतं. तिथली व्यवस्था वेगळ्या परीक्षेकडे नेते आणि मधेच परतायचं झालं तर सांधा जुळत नाही. एक गंमत सांगते. तिथल्या सरकारी शाळेत मातृभाषा हा विषय असतो आणि भारतीय मुलांना तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येते. मराठी नाही. त्यामुळे तुमच्या मुलाची सरकारी कागदावरची 'मातृभाषा' हिंदी होण्याची शक्यता दाट.

याच ओघात एक गंभीर गोष्ट, कारण तुम्हाला मुलगा आहे. सिंगापुरात तीन-चार वर्षं झाली की आजूबाजूचे लोक कायम रहिवासाचा अर्ज करा म्हणून मागे लागतात. सरकारी शाळेची फी कमी होते हेही एक कारण. आई-वडिलांच्या अर्जात मुलाला कायम रहिवास मिळाला की त्याला दोन वर्षांची राष्ट्रीय सेवा, म्हणजे लष्करातली किंवा तशीच सक्तीची सेवा, लागू होते. वडिलांना नाही, मुलाला. तेराव्या वर्षापासून तीन महिने किंवा जास्त काळ परदेशी राहायचं तर परवाना लागतो. सेवा न करता रहिवास सोडला तर पुढे तिथे शिकायला किंवा नोकरीला जाताना ते आड येतं. सेवेत वाईट काही नाही, मी ती केलेली आनंदी मुलं पाहिली आहेत. पण शाळेची फी वाचवायला म्हणून हा अर्ज भरू नका. अमिरातीत परदेशी मुलांना असं काही लागू नाही.

व्हिसाचा मुद्दा थोडक्यात. दोन्हीकडे मुलांचा मुक्काम तुमच्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर सिंगापुरात पास (नोकरीचा परवाना) रद्द झाल्यावर साधारण ३० दिवस मिळतात. दुबईत २०२२ च्या बदलांनंतर मुदत बहुतेकांना त्याहून जास्त मिळते. सिंगापुरात जोडीदाराला नोकरी करायची असेल तर २०२१ पासून स्वतःचा वेगळा पास लागतो. तुम्ही स्वतः नोकरी करता असं लिहिलंय, म्हणून सांगते.

अरबी भाषेची तुम्ही काळजी करताय. दुबईत ती अरबेतर मुलांनाही आठवी-नववीपर्यंत सक्तीची आहे. आठवीत पहिल्यांदा येणाऱ्या मुलांसाठी नवशिक्यांचा गट असतो, मुलगी निभावून नेईल. मुलगा पाच वर्षं शिकेल आणि दुकानाच्या पाट्या वाचून दाखवेल, बस.

हे सगळं झाल्यावर जे उरतं ते कागदावर मांडता येत नाही, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सिंगापुरात बारा-तेरा वर्षांचं मूल एकटं एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, शाळेत जातं, मैत्रिणीकडे जातं, ग्रंथालयात बसतं. मोटार बाळगणं इतकं महाग आहे की सगळेच सार्वजनिक वाहनाने फिरतात, आणि त्यामुळे मुलांना स्वातंत्र्य आपसूक मिळतं. दुबईत मेट्रो आहे, पण शाळा आणि वस्त्या अशा पसरलेल्या की मुलं स्कूलबस आणि आईच्या गाडीवर अवलंबून. वर्षातले तीन-चार महिने बाहेर चालणं शक्य नसतं. पौगंडावस्थेतल्या मुलीसाठी हा फरक लहान नाही. उलट दुबईत आजी-आजोबांना तीन तासांच्या विमानप्रवासात भेटता येतं, आणि भारतीय मुलांची संख्या इतकी की नव्या मुलीला परकेपणा आठवडाभरही टिकत नाही. माझा कल लहान मुलांसाठी दुबई आणि मोठ्या मुलांसाठी सिंगापूर असा आहे. तुमच्या घरात दोन्ही आहेत, त्याला मी काय करू?

तरीही तुम्ही मत मागितलंय, तर देते. कंपनी दोन्ही मुलांची पूर्ण फी भरत असेल, करासकट, आणि पाच वर्षांची हमी देत असेल, आणि मुलीचं पुढचं शिक्षण भारताबाहेर व्हावं असं तुम्हाला वाटत असेल, तर सिंगापूर. या तिन्हींतली एक गोष्ट जरी डळमळीत असेल तर दुबई, आणि मुलीला सीबीएसईतच ठेवा. तिथल्या सीबीएसई शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात, ती मार्चमध्ये सातवी संपवून थेट आठवीत बसेल, वर्ष वाया जाणार नाही. आयबीचा मोह असेल तर तो अकरावीला करता येतो, दहावी सीबीएसईने करून. मुलाला मात्र सुरुवातीपासून ब्रिटिश किंवा आयबी शाळेत घाला, पैसे असतील तर. त्या वयात त्याचा फायदा दिसतो. भावंडं एकाच शाळेत असलीच पाहिजेत हा आग्रह सोडा. ब्रिटिश शाळेत 'इयर'चा आकडा आपल्या इयत्तेपेक्षा एकने पुढे असतो, तेव्हा तिसरीऐवजी 'इयर ४' लिहिलेलं पाहून आनंदून जाऊ नका.

दुबई ठरलीच तर मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले नुसते घेऊन येऊ नका. त्यांवर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी, मग राज्याचं, परराष्ट्र मंत्रालयाचं आणि अमिरातीच्या दूतावासाचं साक्षांकन लागतं. दरवर्षी एप्रिलमध्ये माझ्या टेबलापुढे निदान पाच-सहा कुटुंबं साक्षांकन न केलेला दाखला घेऊन उभी असायची. मार्चचा निकाल लागला की त्याच आठवड्यात हे काम हातात घ्या. मे महिन्यात शाळेला कुलूप असतं.